खो-खो खेळणारा १३ वर्षांचा मुलगा, गुडघ्याखाली टेंगूळ: सराव बंद करावा का?

खो_खो_मास्तर_खानापूर

आमच्या शाळेच्या १४ वर्षांखालील संघातला मुलगा आहे, वय १३. वर्षभरात एकदम उंच झालाय. दीड महिना झाला, उजवा गुडघा दुखायलाय म्हणतो. वाटीच्या खाली, नडगीचं हाड सुरू होतं तिथं सुपारीएवढं टेंगूळ आहे, दाबलं की कळ येते. सपाट चालताना काही नाही. चौकात बसल्यावर खो मिळाला की उठून सुटताना, खांबाशी वळताना आणि जिना उतरताना दुखतं. सराव संपल्यावर लंगडतो, सकाळी पुन्हा बरा.

बेळगावात दाखवलं. एक्स-रे झाला, ऑसगुड-श्लॅटर असं लिहून दिलंय. सांगितलं ते एवढंच: तीन महिने खेळ बंद, मांडीचे स्ट्रेच करा, दुखलं तर गोळी. घरचे कॅल्शियम चालू करा म्हणतात, आजोबा रोज रात्री टेंगळावर तेल चोळतात. तालुका स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे.

प्रश्न असे: (१) तीन महिने खरंच सगळं बंद ठेवायचं का? (२) व्यायाम नेमके कोणते, किती? फिजिओकडे न्यायला बेळगावला दर आठवड्याला जमणार नाही, शाळेतच करून घ्यायचे आहेत. (३) संघात आणखी एका मुलीचा गुडघा दुखतो, पण टेंगूळ नाही. तिलाही हेच व्यायाम चालतील का?

फिजिओ_टिळकवाडी

सर, 'सगळं बंद' आणि 'स्ट्रेच करा' या दोन्हींबद्दल मला वेगळं म्हणायचंय. आधी दुखतं का ते बघू, म्हणजे पुढचं पटेल.

मांडीच्या पुढच्या स्नायूंचा सगळा जोर वाटीवरून एका जाड कंडरेतून (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीतून) नडगीच्या त्या उंचवट्यावर उतरतो. मोठ्या माणसात तो उंचवटा पक्कं हाड असतो. या वयात तिथं कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचीक भाग) असते, तिचं हाड व्हायचं काम चालू असतं. कंडरा तिच्यापेक्षा चिवट. म्हणून मोठ्यांची कंडरा दुखते, पोरांचा कंडरेचा बुंधा दुखतो. उडी, ब्रेक, खोल बैठकीतून झेप, प्रत्येक वेळी तिथं ओढ बसते. एका ओढीनं काही होत नाही. दिवसाला शेकडो ओढी आणि मध्ये सावरायला वेळ नाही, असं झालं की सूज धरते. खो-खोत तर बसणारा खेळाडू गुडघा पूर्ण दुमडून तिथूनच सुटतो. या आजारासाठी याहून वाईट सुरुवात शोधून सापडायची नाही.

म्हणजे प्रश्न ओढीच्या मात्रेचा आहे. पूर्ण विश्रांतीत दुखणं थांबतं हे खरं, पण मांडी बारीक होते. मग मुलगा थेट मैदानात उतरतो आणि पंधरा दिवसांत पुन्हा तिथंच येतो. उलट काहीच कमी केलं नाही तर वर्षभर रेंगाळतं.

मोजमाप आधी. मुलाला दुखण्याचा ० ते १० आकडा विचारायचा, ० म्हणजे काहीच दुखत नाही. ० ते २ चालेल. ३ ते ५ आला तर त्या दिवशी उड्या-धावणं कमी. ५ च्या वर गेला तर तो प्रकार बंद. यापेक्षा महत्त्वाचा दुसऱ्या सकाळचा आकडा. रोज शाळेला निघण्याआधी भिंतीला पाठ लावून पाच अर्ध्या बैठका घालायच्या आणि आकडा वहीत लिहायचा. कालच्यापेक्षा वाढला असेल तर कालचा डोस जास्त झाला. पोरं सरावात दुखणं लपवतात, विशेषतः निवड जवळ आली की. सकाळच्या आकड्यात मात्र चोरी पकडली जाते.

पहिले ४ आठवडे. उड्या, सूर (गडी बाद करायला पुढं झेपावणं), वेगानं धावणं, चौकातली पूर्ण बैठक बंद. चालणं, सायकल (सीट उंच ठेवून), पोहणं चालेल.

१. टॉवेल दाबणे: पाय सरळ पसरून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. गुडघ्यानं ती जमिनीकडे दाबायची, ३० सेकंद धरायचं, ३० सेकंद सोडायचं. असे १०, रोज. बरोबर होतंय का हे बघायला हात लावा: वाटी मांडीकडे वर सरकली पाहिजे, वाटीच्या वर आतल्या बाजूचा स्नायू टणक लागला पाहिजे. पोरं करतात काय, श्वास कोंडून नितंबच आवळतात आणि मांडी मऊच राहते. मग १० काय नि २० काय, उपयोग शून्य.

२. पूल: पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलायची, ५ सेकंद धरायची, १० वेळा, ३ फेऱ्या. सोपं वाटायला लागलं की एका पायावर. नितंब बळकट असले की उतरताना गुडघा आत कोसळत नाही.

३. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणे, १२ च्या २ फेऱ्या. चवड्यांवर उभं राहणे, १५ च्या २ फेऱ्या.

दोन्ही पायांना करायचे. दर चार-पाच मुलांत एकाला दोन्ही गुडघ्यांना हा त्रास असतो किंवा नंतर होतो.

५ ते १२ आठवडे, सकाळचा आकडा आठवडाभर २ च्या आत असेल तरच. टॉवेलच्या जागी भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं, गुडघा साधारण ६० अंश वाकवून, मांडी जमिनीला समांतर करायची नाही. ३० सेकंद, ५ वेळा. दोन आठवड्यांनी बाकावर बसून उठणं, १० च्या ३ फेऱ्या, खाली जाताना ३ सेकंद लावून. त्यानंतर पुढे पाऊल टाकून वाकणं, ८ च्या ३ फेऱ्या. हे एक दिवसाआड. दुखणं गेलं म्हणून व्यायाम सोडणं ही नेहमीची चूक, कारण दुखणं आधी जातं, ताकद नंतर येते.

स्ट्रेचबद्दल: टाच हातानं धरून नितंबाला लावायचा जो नेहमीचा स्ट्रेच, तो पहिल्या टप्प्यात करू नका. दुखऱ्या जागेवर तीच ओढ तुम्ही हातानं देता. मांडीचा मागचा भाग आणि पोटरी ताठ असेल तर त्यांचे स्ट्रेच आधी घ्या, ३० सेकंद, ३ वेळा. पुढच्या मांडीचा हलका स्ट्रेच पाचव्या आठवड्यानंतर, टेंगळाला काही जाणवत नसेल तरच.

आजोबांना सांगा, तेल मांडीला आणि पोटरीला चोळा, टेंगळावर हात नको. सरावानंतर ओल्या फडक्यात बर्फ बांधून १० ते १५ मिनिटं ठेवावा, कातडीला थेट नाही. पट्टा वापरायचा तर तो वाटीच्या खाली, कंडरेवर आणि टेंगळाच्या वरच्या बाजूला येतो. टेंगळावरच आवळला तर जास्त दुखतं. पट्टा नुसता आराम देतो, आजार बरा करत नाही.

तालुक्याचं विचारलंत. डेन्मार्कमध्ये १० ते १४ वयाच्या ५१ मुलामुलींवर याच धर्तीचा कार्यक्रम १२ आठवडे राबवला होता. १२ आठवड्यांनी ८० टक्के मुलं सुधारली असं म्हणाली, पण पूर्ववत खेळात परतली होती १६ टक्केच. वर्षानं तो आकडा ६९ टक्के झाला. तीन आठवड्यांत खेळवणं मला तरी बसत नाही.

हाडाचं_काम_शहापूर

अस्थिरोगवाल्याच्या नजरेतून थोडं. ऑसगुड बॉस्टनचे, श्लॅटर झुरिकचे. दोघांनी १९०३ साली वेगवेगळं वर्णन केलं. मुलांत साधारण १२ ते १५, मुलींत ८ ते १३ या वयात दिसतो. निदान हातानं होतं, एक्स-रे दुसरं काही नाही ना एवढं बघायला. फिल्ममध्ये त्या जागी हाडाचे तुकडे दिसले की पालक घाबरतात. या वयात हाड तसं तुकड्या-तुकड्यांनीच बनतं, तो फ्रॅक्चर नव्हे.

कॅल्शियमच्या कमतरतेनं हे टेंगूळ येत नाही, आणि कॅल्शियमनं जातही नाही. स्टिरॉइडचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर नको म्हणा, कंडरा आणि कातडी दोन्ही खराब होऊ शकतात. सरावाआधी दुखणं मारायची गोळी देऊन खेळवणं त्याहून वाईट. मुलाचा आकडा खोटा होतो. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचा त्रास थांबतो. टेंगूळ राहू शकतं, त्यानं बिघडत नाही.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते. 'वाढीचं दुखणं आहे, जाईल' म्हणून खालची लक्षणं असलेल्या मुलांना थांबवून ठेवू नका.

खुबा: १० ते १६ वयात मांडीच्या हाडाचा गोळा खुब्यात वाढीच्या कूर्चेवरून सरकू शकतो, आणि तक्रार असते गुडघ्याची. गुडघा दाबून दुखत नाही, मुलगा लंगडतो, पाय बाहेर फिरलेला असतो. पाठीवर झोपवून हळूच मांडी पोटाकडे वाकवा. मांडी आपोआप बाहेर वळत असेल तर तिथंच थांबा, त्या पायावर भार देऊ नका, चालवू नका, उचलून त्याच दिवशी न्या. एक्स-रे गुडघ्याचा नव्हे, दोन्ही खुब्यांचा. अंगानं जाड मुलांत जास्त, पण सडपातळ मुलालाही होतं. हा चुकला तर खुबा कायमचा जातो, म्हणून गुडघा दुखणाऱ्या प्रत्येक लंगड्या मुलाचा खुबा बघायचाच.

उडी घेताना 'कट' असा आवाज, लगेच सूज, आणि झोपून सरळ पाय उचलता येत नाही: तो उंचवटाच उपटला गेलाय. तातडीनं.

झोपेतून उठवणारं, रोज वाढत जाणारं, एकाच पायाचं दुखणं, गुडघ्याच्या वर किंवा खाली हाडाला सूज, ताप, वजन उतरणं: हाडाच्या गाठी याच वयात याच जागी येतात, एक्स-रे आठवड्यावर ढकलू नका. गुडघा अडकत असेल किंवा सांध्यातच पाणी भरत असेल तर तेही वेगळं.

लहान पोरांचं रात्रीचं पाय दुखणं या सगळ्यापासून वेगळं. ते ३ ते १२ वयात, दोन्ही पायांना, पोटऱ्या-मांड्यांत, संध्याकाळी किंवा रात्री. सकाळी पोर उड्या मारत असतं. तिथं चोळणं, शेकणं खुशाल चालू द्या.

खो_खो_मास्तर_खानापूर

डॉक्टर, खुब्याचं माहीतच नव्हतं. मांडी वाकवून बघितली, सरळ राहते. मुलीचं सांगायचं राहिलं: वय ११, वाटीच्या अगदी खालच्या टोकाला दुखतं, तिथंच बोट ठेवते.

फिजिओ_टिळकवाडी

तोच प्रकार, जागा बदलली. कंडरेचं खालचं टोक दुखलं तर ऑसगुड, वरचं टोक वाटीला चिकटतं तिथं दुखलं तर सिंडिंग-लार्सन-जोहान्सन. १० ते १३ वयात दिसतो. मोजमाप तेच, व्यायाम तेच. बोट एका जागी न ठेवता वाटीभोवती तळहात फिरवून 'इथं सगळीकडे' म्हणाली असती तर गोष्ट वेगळी. तो वाटीमागचा त्रास, त्यात नितंबाच्या व्यायामावर जास्त भर आणि भिंतीची बैठक आणखी उथळ.

सूर_आणि_खांब_निपाणी

प्रशिक्षणाची बाजू लिहितो. मुलाला बाकावर बसवून ठेवलंत तर तो चोरून खेळणार, हे धरूनच चाला. त्याला संघात ठेवूनच डोस कमी करता येतो.

एक, उभ्यानं खो. ज्याला गुडघ्याचा त्रास आहे तो चौकात बसत नाही, हात गुडघ्यावर ठेवून अर्धा वाकून उभा राहतो. पाटी ओलांडायची नाही, खो कुठल्या हातानं, तोंड कुठं, सगळे नियम तेच. डोक्याचा सराव पूर्ण होतो, गुडघा दुमडत नाही. पाचव्या आठवड्यापासून हे चालेल, फक्त पहिली चार पावलं सावकाश.

दोन, सुटण्याची मोजदाद. एका सत्रात एक मुलगा बैठकीतून किती वेळा सुटतो हे कुणी मोजत नाही. एका मुलाला वही देऊन मोजायला बसवा, आकडा बघून चक्रावाल. बैठक परत सुरू कराल तेव्हा पहिल्या आठवड्यात एका सत्रात १० सुट्या (म्हणजे दहादा सुटणं), मग १५, मग २०, तेही दोन दिवस सलग नाही.

तीन, क्रम. सरळ धावणं, मग रुंद वळण, मग हुलकावणी, मग बैठकीतून सुटणं, मग खांबाशी वळणं, सगळ्यात शेवटी सूर. खांबाशी मुलं एका ठरलेल्या पायावरच ब्रेक मारतात, दुखणारा गुडघा बहुतेक तोच निघतो. दोन्ही बाजूंनी वळायला शिकवा. सुरात गुडघा आधी टेकत असेल तर चूक तंत्राची आहे. छाती आणि हात आधी, पाय मागे उचललेले. गादीवर शिकवून मगच मातीवर.

चार, जमीन. खानापूर भागात जून ते सप्टेंबर मैदानाचा चिखल, आणि शालेय स्पर्धाही त्याच सुमारास. मग सराव सभागृहात नाहीतर व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर. अनवाणी, फरशीवर, रोज. दुखण्याचं निम्मं कारण मला तरी इथंच दिसतं. फरशीवर उड्या-सूर अजिबात नको. तिथं खो देण्याची वेळ साधणं, नजर, चालीनं साखळी खेळणं असलं घ्या. धावणं पाऊस उघडेल त्या दिवशी मातीवर.

आणि एक: उठाबशांची शिक्षा. वर्गात मिळाली तर महिनाभराचं काम एका तासात धुऊन जातं. वर्गशिक्षकांना लेखी कळवा. योगाच्या तासाला वज्रासनही नको. मांडी घालून बसल्यावर दुखत नसेल तर बसू द्या.

तालीम_कडोली

आमच्याकडे १२-१३ ची पोरं बैठका मारतात, तीनशे-चारशे. त्यांना टेंगूळ आलं तर बैठका पूर्ण बंद करायच्या का? वस्ताद म्हणतात जोर-बैठकांशिवाय पैलवान होत नाही.

फिजिओ_टिळकवाडी

जोर खुशाल चालू ठेवा, त्यात गुडघ्याला काही नाही. बैठका टेंगूळ दुखतंय तोवर बंद, म्हणजे सकाळचा आकडा २ च्या खाली स्थिर होईपर्यंत. नंतर अर्धी बैठक, बाकाच्या उंचीपर्यंत, १० च्या ३ फेऱ्या, एक दिवसाआड, दर आठवड्याला प्रत्येक फेरीत २-३ वाढवत. लाल मातीत गुडघे टेकून डाव चालतात तिथं मऊ गुडघापट्टी लागेल, ती वाटीवर न आवळता टेंगूळ झाकेल अशी.

वस्तादांना पटवायचं असेल तर उंची दाखवा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला भिंतीवर खूण, तीच भिंत, सकाळीच, अनवाणी. महिन्याला ७-८ मिलिमीटर किंवा जास्त वाढतोय म्हणजे जोराच्या वाढीचा काळ. त्या महिन्यांत उड्या आणि बैठका कमी, डावपेच आणि जोर जास्त. खूण थबकली की वाढवा. हेच खो-खोलाही लागू.

खो_खो_मास्तर_खानापूर

तालुक्याचं ठरलं, त्याला नाही उतरवत. पंच-वहीचं काम देतो, सुट्या मोजायला तोच बसेल. एकच शेवटचं. सातवा आठवडा नेमका नवरात्रात येतोय. पोरगा दुर्गामाता दौडीला जाणारच म्हणतो, नऊ दिवस पहाटे अनवाणी, डांबरी रस्त्यावरून. घरचे नाही म्हणणार नाहीत.

फिजिओ_टिळकवाडी

जाऊ दे, पण सगळी नको. एकाच दौडीनं बिघडत नाही, सलग नऊ दिवसांच्या धक्क्यानं बिघडतं. एक दिवसाआड धावू दे. मधल्या दिवशी शेवटच्या टप्प्याला जाऊन चालत सामील व्हावं, आरतीला उभं राहावं. धावायच्या दिवशी आधी पाच मिनिटं चालणं, उतारावर धावणं नाही (उतारावर ब्रेक मांडीनं लागतो, ओढ दुप्पट वाटते), आणि त्या संध्याकाळी भिंतीची बैठक वगळायची. तिसऱ्या धावण्यानंतर सकाळचा आकडा ३ झाला तर पुढचे दिवस चालतच.

दिवाळीच्या किल्ल्यालाही आत्ताच सांगून ठेवा. पोरं माती कालवत चार-चार तास उकिडवी बसतात आणि दुखलं की खापर खेळावर फुटतं. बसायला उलटी बादली द्या.